मंजू, तुझ्याकडचा तो कागद हवाय

प्रिय मंजू,

खूप दिवसांनी लिहितेय, फोनवर बोलायला घेतलं की मला रडू येतं म्हणून. तब्येती सगळ्यांच्या ठीक, बाबांचा गुडघा आहे तसाच.

मी टॅटू केला गं. डाव्या हाताला, कोपराच्या खाली, आतल्या बाजूला. आईची ती चिठ्ठी, साखरेच्या डब्याखाली ठेवायची ना, 'जेवून जा', तिच्याच अक्षरात. बाकीचे विचारतात एवढंच का, श्लोक तरी लिहायचा. तुला काय सांगायचं, तू पण ती चिठ्ठी वाचून जेवलीयस, माझ्या वाटणीची थालीपीठं सुद्धा!

आता ऐक. 'जा'च्या कान्यावरची खपली कुर्त्याच्या बाहीला घासून निघाली आणि खाली काना फिका दिसतोय. बाकी अक्षरं काळीभोर आणि हा एकटाच धुरकट. रोज सकाळी गॅलरीत उजेडात हात धरून बघते. टॅटूवाला मुलगा म्हणतो ताई, वरची कातडी गळणारच, रंग तिच्या खालच्या थरात असतो, नवी कातडी आधी धुरकटच दिसते, महिना-दीड महिना काही ठरवू नका, मग लागलं तर टचअप करू. पटतं, पण रात्री पुन्हा तेच डोक्यात येतं, की तिच्या हातचं एवढंच उरलंय आणि तेही गेलं तर.

काळजी सगळी घेते. कोमट पाणी, बिनवासाचा साबण, बोटांनी हळूच धुवायचं, टिश्यूने टिपायचं, टॉवेल नाही, आणि मलम अगदी पातळ, थापलं की कातडी ओली राहते. खाज तर अशी सुटते की बास, पण नख लावायचं नाही, खपली ओढली की रंग पण जाऊ शकतो. शेजारच्या काकू हळद आणि खोबरेल घेऊन आल्या, त्यांच्या आजीच्या गोंदणाला हेच लावलं होतं म्हणे. मी त्यांच्या पाया पडले पण लावू दिलं नाही. लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला तर तडक डॉक्टर, पण तसलं काही नाहीये.

आणि रंगपंचमी आली की गं! इंदूरच्या राजवाड्यावर गेरची मिरवणूक निघणार, टँकरने रंग उडणार, आणि मी घरात. उघड्या कातडीवर तो गुलाल आणि ते पाणी नकोच, वर मार्चचं ऊन. (बारावीच्या गेरमध्ये मला गर्दीत सोडून तू कचोरी खायला गेलीस, ते मी अजून माफ केलेलं नाही.) टॅटूनंतर वर्षभर रक्त पण घेत नाहीत, तेव्हा आईच्या तिथीला यंदा रक्तदान तू एकटीनेच करून ये.

एक गोष्ट वाचली त्याने मात्र खूप बरं वाटलं. सुईने रंग आत गेला की शरीरातल्या पांढऱ्या पेशी तो गिळतात आणि तिथेच बसून राहतात. 2018 मध्ये फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर बघितलं, ती पेशी मेली की रंग सुटतो आणि नवी आलेली पेशी तोच उचलून धरते. म्हणून टॅटू टिकतो. मी ते बाबांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, माझा हात धरून चष्म्यातून बराच वेळ बघत बसले.

तुझं नवं ऑफिस कसंय? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं ना नीट? पिल्लूला पापा.

आता काम. माझ्याकडच्या चिठ्ठीत कान्याचं खालचं टोक तेलाच्या डागात गेलंय, स्टेन्सिल काढताना त्या मुलाने ते अंदाजानेच ओढलं. तुझ्याकडे आईने लिहून दिलेली अनारशाची कृती आहे, त्यात जागोजागी काने असतील. टचअप करायचं झालंच तर तिचा काना खाली कसा वळायचा ते त्याला दाखवायचंय. दिवसा उजेडात, अगदी वरून फोटो काढ, सावली पडू देऊ नकोस, आणि कागद घडीवर फाटत आला असेल तर उलगडताना जपून.

तुझीच,
सुमी