चर्चच्या प्राथमिक शाळेच्या तपासणीविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडला आल्यावर मुलीला चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत घालावे का, असे तू विचारले होतेस. आमच्या मुलाच्या शाळेच्या दोन्ही तपासण्यांचे अहवाल नुकतेच हाती आले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अशा शाळेची तपासणी दोनदा, वेगवेगळ्या अंगांनी होते. अध्यापन, वर्तन आणि मुलांची सुरक्षितता ऑफस्टेड ही शाळा तपासणारी सरकारी संस्था पाहते. शाळा आपल्या ख्रिस्ती अधिष्ठानाला जागते की नाही, हे २००५ च्या शिक्षण कायद्याच्या कलम ४८ नुसार होणाऱ्या सायम्स या तपासणीत पाहिले जाते. संपूर्ण शाळेला एका शब्दात श्रेणी देणे ऑफस्टेडने सप्टेंबर २०२४ पासून बंद केले आणि नोव्हेंबर २०२५ पासून अभ्यासक्रम व अध्यापन, हजेरी व वर्तन, समावेशन अशा प्रत्येक बाबीला स्वतंत्र शेरा देणारे प्रगतिपत्रक आणले. हा बदल मला मनापासून पटला आहे, कारण त्या एका शब्दापुढे अहवाल वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नसे.

ऑफस्टेडच्या अहवालात आमच्या शाळेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाचन ही ठरली. तपासनीस पहिलीतल्या मुलांशेजारी बसले आणि त्यांनी प्रत्येकाला स्वतःचे पुस्तक मोठ्याने वाचायला सांगितले. ज्या अक्षरांचे ध्वनी मुलाला शिकवून झाले आहेत, तेवढ्याच अक्षरांच्या शब्दांचे पुस्तक त्याच्या हाती असल्यामुळे एकही मूल अंदाजाने शब्द ठोकून देत नव्हते, आणि जे मागे पडले होते त्यांना त्याच दिवशी वेगळे बसवून सराव दिला जात होता. वाचनात मागे राहिलेले मूल पुढे प्रत्येक विषयात अडखळते, त्यामुळे बाकी सगळ्या शेऱ्यांपेक्षा मी या परिच्छेदाला अधिक महत्त्व देतो.

सायम्सच्या अहवालात २०२३ पासून श्रेणी नसते. शाळेच्या ध्येयदृष्टीमुळे मुले आणि मोठी माणसे खरोखर बहरतात का, या प्रश्नाभोवती तो लिहिलेला असतो. आमच्या अहवालात सामूहिक प्रार्थनेचे वर्णन आले आहे. मोठ्या वर्गातील मुले मेणबत्ती लावतात, गोष्ट सांगतात, आणि नंतरच्या शांततेत ज्याला प्रार्थना करायची तो करतो, ज्याला नुसता विचार करायचा तो विचार करतो. तुझी खरी काळजी इथेच आहे, हे मी जाणतो. मुलाला सामूहिक प्रार्थनेतून वगळण्याचा कायदेशीर हक्क पालकांना आहे. आम्हाला मात्र तो वापरावासा वाटला नाही, कारण इतर धर्मांच्या मुलांना आपल्या घरच्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलता येते, अशी नोंद त्याच अहवालात आहे आणि आमचा अनुभवही तोच आहे.

ऑफस्टेडच्या अहवालात उणीवही लिहिली आहे. इतिहास आणि भूगोलात मुलांच्या लक्षात नेमके काय राहिले, हे शिक्षक पुरेसे तपासत नाहीत. ही टीका रास्त आहे, आणि मुख्याध्यापिकांनी ती पालकसभेत स्वतःहून वाचून दाखवली, याचे मला फार समाधान वाटले.

तू ज्या शाळा पाहशील त्यांचे दोन्ही अहवाल आधी वाच, आणि त्यांत सुचवलेल्या सुधारणांपैकी आतापर्यंत काय केले, हे मुख्याध्यापकांना भेटीत जरूर विचार. रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या, वर्गासाठी अर्जाची मुदत १५ जानेवारी असते, तेव्हा शाळा त्याआधी पाहून घे.

तुझा स्नेहांकित मित्र