मधल्या अठरा वर्षांचाही हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गायक ऑझी ऑस्बर्न यांचे २२ जुलै २०२५ रोजी निधन झाल्यानंतर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर आणि त्यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडवर अर्ध्या पानाचा लेख आला. सोलापुरात राहून हे संगीत पस्तीस वर्षे ऐकत आलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्याचा फार आनंद झाला. बँडच्या १९७० च्या दशकाविषयी लेखकाने जे लिहिले आहे, ते आपुलकीने लिहिले आहे. परंतु १९७९ साली ऑस्बर्न बाहेर पडल्यावर बँड नावापुरता उरला आणि १९९७ साली ते परतल्यावरच त्यात पुन्हा जीव आला, अशा अर्थाचे एक वाक्य लेखाच्या उत्तरार्धात आहे. ते मला मान्य करता येत नाही आणि त्याची कारणे जरा विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

बँडने स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले एकूण १९ अल्बम आहेत. त्यांपैकी १० अल्बम १९८० ते १९९५ या काळात, म्हणजे ऑस्बर्न बँडमध्ये नसताना निघाले. ज्या वर्षांत निम्म्याहून अधिक काम झाले, ती वर्षे नावापुरती कशी म्हणायची? शिवाय १९७९ मध्ये ऑस्बर्न स्वतःहून बाहेर पडले नव्हते. तसे ते १९७७ मध्ये गेले होते आणि काही महिन्यांत परतलेही होते. एप्रिल १९७९ मध्ये मात्र नव्या अल्बमचे काम पुढे सरकेना, व्यसन सुटेना, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले आणि ती गोष्ट त्यांच्या कानावर घालण्याचे कठीण काम त्यांचे जिवलग मित्र, ड्रमवादक बिल वॉर्ड यांच्यावर आले.

मी हे इतक्या कळकळीने का लिहितो आहे, तेही सांगायला हवे. १९९० च्या सुमारास मी साखर पेठेतील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबरच्या हाताखाली काम शिकत होतो. आमच्या माडीवर अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी भाड्याने राहत असे. त्याने पुण्याहून भरून आणलेली एक कॅसेट मला ऐकायला दिली. तिला मूळ वेष्टन नव्हते. वर पेनने फक्त बँडचे नाव लिहिलेले होते. ती कॅसेट मी पट्टी खराब होईपर्यंत ऐकली. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकलेल्या माणसाला हे संगीत कर्कश वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या आवाजातला ठेका त्याच्या कानाला आधीच ओळखीचा असतो. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळले की तो ‘हेडलेस क्रॉस’ हा १९८९ चा अल्बम होता आणि त्यातला गायक ऑस्बर्न नसून टोनी मार्टिन होता. माझ्यासाठी ब्लॅक सॅबथचा पहिला आवाज तोच होता आणि आजही तोच आहे. म्हणून त्या काळाला कोणी नावापुरता म्हटले की मला वाईट वाटते.

ऑस्बर्न यांच्या जागी ‘रेनबो’ या बँडमधून आलेले रॉनी जेम्स डिओ गाऊ लागले आणि एप्रिल १९८० मध्ये ‘हेवन अँड हेल’ हा अल्बम निघाला. तो ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेला आणि अमेरिकेत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. संपलेल्या बँडची ही लक्षणे नव्हेत. मात्र संच स्थिर राहिला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दौरा चालू असतानाच, बिल वॉर्ड यांनी काम सोडले आणि विनी अ‍ॅपिस आले. १९८१ च्या ‘मॉब रूल्स’नंतर, थेट कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचा अल्बम तयार होत असताना, कोणाचा आवाज किती वर ठेवायचा यावरून इतके मतभेद झाले की १९८२ च्या अखेरीस डिओ आणि अ‍ॅपिस दोघेही निघून गेले. ‘डीप पर्पल’चे माजी गायक इयन गिलन यांच्यासह १९८३ मध्ये काढलेला ‘बॉर्न अगेन’ ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोचला. वर्षभरात गिलनही आपल्या जुन्या बँडकडे परतले आणि बासवादक गीझर बटलर यांनीही निरोप घेतला. मूळ चौघांपैकी आता एकटे गिटारवादक टोनी आयोमी उरले.

येथून पुढची दोन-तीन वर्षे खरोखरच वाईट होती, हे मी नाकारत नाही. त्या वाईटपणात रेकॉर्ड कंपनीचा वाटा किती होता, हे मात्र सांगितले जात नाही. गायक ग्लेन ह्यूज यांना घेऊन आयोमी यांनी जो अल्बम केला, तो त्यांना स्वतःच्या नावाने काढायचा होता. कंपनीला जुने, विकले जाणारे नाव हवे होते. त्यामुळे १९८६ च्या ‘सेव्हन्थ स्टार’च्या वेष्टनावर बँडचे नाव आणि त्याला जोडून आयोमींचे नाव, असा विचित्र मजकूर छापला गेला. ह्यूज दौऱ्यातल्या मोजक्या कार्यक्रमांनंतरच बाजूला झाले आणि रे गिलन हा तरुण गायक आला. त्याने पुढच्या ‘द इटर्नल आयडॉल’ची गाणी गायली आणि अल्बम बाजारात येण्याआधीच तोही गेला. तेव्हा बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिन यांना बोलावून सगळी गाणी पुन्हा गाऊन घेण्यात आली. दुसऱ्याच्या आवाजासाठी बेतलेल्या चाली घाईघाईने आपल्या गळ्यावर चढवून या माणसाने पहिले काम केले. त्याला दुय्यम ठरवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. त्याच १९८७ मध्ये वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत, सन सिटी येथे, बँडने कार्यक्रम केले. ही त्या काळातली सर्वांत मोठी चूक होती असे मी मानतो. ड्रमवादक बेव्ह बेव्हन यांनी तेथे वाजवण्यास नकार देऊन बँड सोडला, हे त्यांना शोभणारेच होते.

‘द इटर्नल आयडॉल’ ब्रिटनमध्ये ६६ व्या क्रमांकापर्यंतच गेला आणि त्यानंतर ब्रिटनमधील व्हर्टिगो व अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या दोन्ही कंपन्यांशी असलेला बँडचा संबंध संपला. १९७० च्या पहिल्या अल्बमपासूनचे हे नाते होते. एवढ्या पडझडीनंतर आयोमी यांनी आय. आर. एस. या तुलनेने लहान कंपनीशी करार केला, ड्रमवर कोझी पॉवेल यांना आणले आणि ‘हेडलेस क्रॉस’ केला. तो ३१ व्या क्रमांकावर आला; पुढच्या वर्षीचा, नॉर्स पुराणकथांचा आधार घेतलेला ‘टीर’ २४ व्या क्रमांकावर. ६६, ३१, २४ हा चढता आलेख आहे. अमेरिकेत प्रेक्षक कमी येऊ लागल्याने दौरा आवरता घ्यावा लागला हे खरे, पण युरोपात सभागृहे भरत होती आणि १९८९ च्या अखेरीस बँडने मॉस्को व लेनिनग्राड येथेही कार्यक्रम केले.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावी म्हणून एक आपले उदाहरण देतो. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० मध्ये सुरू झाली. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, १९०५ मध्ये बालगंधर्व आले आणि १९१३ मध्ये बोडस व टेंबे यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यानंतर किर्लोस्कर मंडळीत मास्टर दीनानाथ गात होते आणि १९१८ मध्ये त्यांनीही बलवंत संगीत मंडळी काढली. भाऊरावांनंतरची किर्लोस्कर मंडळी नावापुरती होती, असे कोणी जाणकार म्हणेल काय? उलट कोणत्या संचात कोण गात होते, याची चर्चा आपल्याकडे आजही आवडीने होते. आपल्या हुतात्मा स्मृतिमंदिरात एखादे जुने नाटक नव्या संचात लागले की आपण ते पाहतो, तुलना करतो, क्वचित नाकही मुरडतो. पण तो प्रयोग झालाच नाही असे म्हणत नाही.

१९९२ मध्ये एक मोठी संधी आली होती. डिओ, बटलर आणि अ‍ॅपिस परतले आणि ‘डीह्युमनायझर’ हा जोरकस अल्बम निघाला. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ऑस्बर्न यांच्या तेव्हा अखेरच्या म्हणून जाहीर झालेल्या कार्यक्रमांत, कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे, त्यांच्याआधी गाण्यास डिओ यांनी नकार दिला. ‘जुडास प्रीस्ट’चे रॉब हॅलफर्ड यांनी दोन रात्री गाऊन वेळ निभावली आणि संच पुन्हा मोडला. मार्टिन यांना परत बोलावण्यात आले. ज्याला बाजूला सारून दुसऱ्याला आणले, तोच माणूस हाकेसरशी येतो आणि १९९४ चा ‘क्रॉस पर्पजेस’ व १९९५ चा ‘फॉर्बिडन’ असे आणखी दोन अल्बम गातो, ही निष्ठा मला फार मोलाची वाटते. ‘फॉर्बिडन’ फसला, निर्मात्याची निवडच बँडच्या प्रकृतीला मानवणारी नव्हती. पुढच्याच वर्षी आय. आर. एस. कंपनी बंद पडली.

माझ्या पत्रातला मुख्य मुद्दा हाच आहे. मूळ संचाचे अल्बम मोठ्या कंपन्यांकडे होते, त्यामुळे त्यांच्या नव्या आवृत्त्या सतत निघत राहिल्या. आय. आर. एस.कडचे मार्टिन यांचे चार अल्बम मात्र कित्येक वर्षे बाजारात सहज मिळतच नव्हते. तरुण श्रोत्याला ते ऐकण्याचा मार्ग नव्हता आणि जे ऐकता येत नाही ते कोणाला आवडत नाही, असा समज हळूहळू पक्का झाला. लोकांनी नाकारलेले संगीत आणि लोकांपर्यंत न पोचलेले संगीत यांत अंतर आहे. ३१ मे २०२४ रोजी हे चारही अल्बम ‘अ‍ॅनो डोमिनी’ या नावाने एकत्र पुन्हा प्रसिद्ध झाले आणि ‘फॉर्बिडन’चे ध्वनिमिश्रण तर आयोमी यांनी स्वतः नव्याने केले. आपल्या लेखकाने ते ऐकले असते तर ते वाक्य असे उतरले नसते, असे मला वाटते.

आयोमी यांच्याविषयी लेखात दोनच ओळी आहेत, याचेही वाईट वाटले. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा तोच हात होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी स्वरही खाली उतरवला. हेवी मेटलचा तो जड, खर्जातला नाद घडण्यात या दुखापतीचा मोठा भाग आहे. आमच्या पेठेत मागावर बोट गमावलेली माणसे मी पाहिली आहेत आणि पुन्हा मागापुढे उभे राहताना त्यांना काय वाटते तेही ऐकले आहे. आयोमी मात्र ब्लॅक सॅबथच्या प्रत्येक संचात होते. सगळे गेले तेव्हा ते थांबले, म्हणून १९९७ मध्ये परत येण्यासारखे काहीतरी शिल्लक होते. डिसेंबर १९९७ मध्ये बर्मिंगहॅमला चौघे एकत्र उभे राहिले, तो आनंदाचा प्रसंग लेखात उत्तम रंगवला आहे. पण तोपर्यंत दिवा कोणी तेवत ठेवला, ते आलेले नाही.

नावाच्या मालकीचा वादही लेखात एकांगी आला आहे. २००९ मध्ये ऑस्बर्न यांनी आयोमी यांच्यावर दावा केला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. १९८० च्या दशकात बाकीच्यांनी नावावरचा हक्क सोडला होता, असे आयोमी यांच्या बाजूचे म्हणणे होते. सोलापुरी चादरीच्या नावाने दुसरीकडचा माल विकला गेल्याचे दुःख आपल्या शहराला ठाऊक आहे. त्यामुळे नाव कोणाचे या प्रश्नावर आपल्याकडचा वाचक दोन्ही बाजू नक्कीच समजून घेईल. माझे मत विचाराल तर नाव चौघांनी मिळवले आणि एकाने राखले. मिळवण्याइतकाच राखणाराचाही त्यावर हक्क आहे.

२००६ मध्ये अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने बँडचा सन्मान केला तोही मूळ चौघांपुरताच. तेथे डिओंनाही स्थान मिळाले नाही, मग मार्टिन यांची काय कथा! निदान आपल्या पुरवणीत तरी तसे होऊ नये. सवडीने या मधल्या काळावर एक स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. तो छापाल तेव्हा जेफ निकल्स यांचे नाव विसरू नका. १९७९ पासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी या बँडसाठी कीबोर्ड वाजवला, गाणी रचण्यास हातभार लावला आणि कितीतरी कार्यक्रमांत ते पडद्याआड, प्रेक्षकांना न दिसता वाजवत राहिले. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले, तेव्हा मी मराठी वृत्तपत्रांत त्यांच्याविषयी चार ओळी शोधल्या होत्या. त्या मला सापडल्या नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक,
साखर पेठ, सोलापूर