शस्त्रक्रियेच्या चाचण्या आणि तपासणीला न येणारे रुग्ण

महोदय,
हर्नियाला जाळी बसवण्याच्या दोन पद्धतींपैकी सरस कोणती, हे रुग्णांचे दोन गट करून घेतलेल्या चाचणीशिवाय कळत नाही. आणि सामील झालेले रुग्ण वर्षाने तपासणीला आलेच नाहीत, तर चाचणी करूनही कळत नाही. बरे वाटलेला येत नाही, त्रास होणारा दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. दोन गटांतली गळती वेगवेगळी असली की निष्कर्षच वाकडा येतो. रुग्ण वाढवून ही खोट जात नाही. (वाढवतानाही चुकतात: २०० हवेत आणि २० टक्के गळती धरली, तर २४० नव्हे, २५० घ्यावे लागतात; २४० मधले २० टक्के गळाले की १९२च उरतात.)

चाचणीत सामील होण्याची संमती शस्त्रक्रियेच्या सकाळी घेऊ नये. आधीच्या भेटीत, रुग्णाच्या बोलीत सांगावे, कागद घरी न्यायला द्यावा. पद्धत डॉक्टर निवडत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखी ठरते, हे स्पष्ट न केल्यास पुढे विश्वास तुटतो.

कोकणात तपासणीच्या तारखाही इथल्या हंगामाने लावाव्यात. यांत्रिक बोटीवरचा खलाशी मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, मोकळा असतो. आंबा बागायतदार एप्रिल-मेमध्ये फिरकणार नाही. चाकरमानी गणपतीला गावी सापडतो. म्हणून वार्षिक तपासणीला एका ठरावीक दिवसाऐवजी काही आठवड्यांची मुभा चाचणीच्या आराखड्यातच ठेवावी. रुग्णाच्या परवानगीने नातेवाइकाचाही फोन नोंदवावा. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी, संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या मंजुरीने, त्याच दिवशी हातात द्यावी. दुखण्याबद्दल फोनवर विचारता येते. हर्निया पुन्हा झाला का, हे मात्र रुग्णाला समोर उभे करून, खोकायला लावूनच तपासावे लागते.

– एक संशोधन समन्वयक, रत्नागिरी