'सेफ अँड साउंड'मधला साउंड म्हणजे आवाज नव्हे

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी भाच्याच्या ट्यूशनच्या नोट्स हातात आल्या, यंदा दहावीला आहे तो, त्यात इंग्रजी वाक्प्रचारांची यादी होती आणि 'सेफ अँड साउंड'च्या पुढे चक्क लिहिलेलं 'सुरक्षित आणि आवाजासह'. म्हटलं हे काय रे बापा, तर म्हणे "मावशी, सरांनी हेच लिहून दिलं नं, पाठ करून राहिलो मी." त्यावर पिवळा हायलायटर पण मारून ठेवलेला. मला फार वाईट वाटलं, कारण पोरगा मेहनती आहे आणि चुकीचं पाठ करतोय.

इथला साउंड म्हणजे धडधाकट, शाबूत. आवाजवाला साउंड लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला, हा मात्र जुन्या इंग्रजीतलाच, जर्मनमध्ये निरोगी माणसाला गेझुंड म्हणतात नं, त्याच घरातला. पुढे दोघांचं स्पेलिंग एक झालं आणि घोळ झाला. गाढ झोपेला साउंड स्लीप म्हणतात तो हाच, आणि मृत्युपत्र करणारा माणूस साउंड माइंडचा पाहिजे असं १९२५च्या वारसा कायद्यात लिहिलंय तो पण हाच, तिथे कोणी आवाज लावेल का?

आणि गंमत बघा, आपल्याकडे हुबेहूब अशीच जोडी आहे, सहीसलामत! अरबीतून फारसीमार्गे आलेले शब्द, सही म्हणजे मुळात धडधाकट, बिनदोष, आणि सलामत म्हणजे सुरक्षित. म्हणजे साउंड आणि सेफ, फक्त क्रम उलटा. इंग्रजीत कोणी साउंड अँड सेफ म्हणत नाही, आपण सलामतसही म्हणत नाही. हे एवढं वर्गात सांगितलं तर पोट्टे जन्मात विसरणार नाहीत, पण सांगायला वेळ कोणाला आहे.

वापराचंही तसंच. आमच्या चौकात एक फ्लेक्स लागला होता, 'सेफ अँड साउंड गाडी चालवा'. अहो गाडी चालवायची ती सेफली, घरी पोचायचं ते सेफ अँड साउंड. धोका होता, जीवाला घोर होता आणि त्यातून माणूस नीट परत आला, तिथे हा शब्द शोभतो. मराठीत सुखरूप म्हणतो तिथे. लॉकरमधलं सोनं सुरक्षित असतं, माणूस सुखरूप येतो.

माझी मुलगी पुण्याला नोकरीला आहे, रात्रीच्या बसने समृद्धीवरून जाते. १ जुलै २०२३ला नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ जण गेले, तेव्हापासून ती निघाली की माझी आई रात्रभर नीट झोपत नाही, पहाटेपासून फोन उशाशी घेऊन बसते. मुलीचा मेसेज येतो 'रिच्ड', कधी नुसताच अंगठा. आई मला विचारते, "सुखरूप पोचली नं? तसं लिहिलं का तिनं?" पूर्वी गावाला गेलं की 'सुखरूप पोचलो' एवढ्यासाठी पोस्टकार्ड टाकायचे लोक आणि घरचे त्याची वाट बघायचे. आईला तो शब्दच ऐकायचा असतो, अंगठा दाखवून तिचं समाधान होत नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. तुमच्या बातम्यांमध्ये 'सर्व प्रवासी सेफ' अशी हेडिंग येऊ लागलीत, तिथे सुखरूप लिहा, जागाही फार लागत नाही. आणि मुलांच्या पानावर आठवड्याला एक इंग्रजी वाक्प्रचार द्या, शब्दाला शब्द नको, त्याच प्रसंगाला आपण मराठीत काय बोलतो ते द्या, आणि कुठे वापरायचा नाही तेही. सुरुवात याच्यापासूनच केली तर बरं होईल, भाच्याची परीक्षा मार्चमध्ये आहे.

आपली रोजची वाचक,
मानेवाडा, नागपूर