‘घरी सांगा’ म्हणता, पण सांगायचं कुठे?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

सात वर्षांपासून मी एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. बायकोला सांगायला पाच महिने लागले. तेवढे दिवस गोळ्यांची बाटली स्कूटरच्या डिकीत असायची. खड्ड्यात खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबायचो. निरोध कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, दुसरं मूल इतक्यात नको.

दर महिन्याला एआरटी केंद्रात एकच वाक्य ऐकायचो, ‘घरी सांगा.’ समुपदेशक मॅडमचं टेबल हिरव्या पडद्याआड. पलीकडे रांग. मी तोंड उघडलं की पडद्यातून कुणीतरी डोकावायचं, “मॅडम, माझा रिपोर्ट?” अशा जागी बायकोला काय घेऊन जाणार?

२०१७ चा एचआयव्ही कायदा शहाणा आहे. पॉझिटिव्ह माणसानं जोडीदाराला लागण होऊ नये म्हणून खबरदारी घ्यायची, त्यात सांगणंही आलं. पण सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असलेल्या बाईवर ती सक्ती नाही. आपल्याकडच्या सासरांचा अनुभव असलेल्या कुणीतरीच हे लिहिलं असावं. माणूस सांगतच नसेल, तर त्याला तशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात, तेही प्रत्यक्ष भेटून, समजावून. पडद्याआड हे जमत नाही, साहेब.

माझं जमलं ते नव्या मॅडममुळे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डॉक्टरांची खोली मागून घेतली आणि दार लावलं. बायकोनं आधी विचारलं, “मला झालाय का?” तपासणी निगेटिव्ह आली. मग बराच वेळ ती बोललीच नाही. उठताना म्हणाली, “गोळी जेवणाआधी की नंतर?”

आणखी एक. माझ्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते सांगणाऱ्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं इंग्रजीत होतं. मला वाटलं, मशीन बिघडलं. औषध नियमित घेतल्यानं रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. हे आधी माहीत असतं, तर तिला सांगताना जीभ इतकी जड झाली नसती. एवढं एक वाक्य मराठीत रिपोर्टवर छापा.

प्रत्येक केंद्रात दाराची खोली लगेच होणार नाही, हे मलाही कळतं. पण आमच्याकडे डॉक्टरांची खोली दुपारी दोननंतर रिकामीच असते. जोडप्यांसाठी तेवढी तरी राखून ठेवा.

आपला,
एआरटीवरचा एक रुग्ण