काढा चालू आहे का, हे कुणी विचारतच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या की ‘गोळ्या गरम पडतील’ म्हणून घरात गुळवेलीचा काढा नाहीतर हळदीची कॅप्सूल येते. यकृताला आधार म्हणून घेतलेली ही गोष्ट यकृतालाच महागात पडू शकते.

आमटीतल्या हळदीबद्दल हे नाही. चमचाभर हळदीत कुरक्युमिन, म्हणजे हळदीतले मुख्य द्रव्य, जेमतेम 100 मिलिग्रॅम, आणि त्यातलेही फारसे रक्तात पोहोचत नाही. एका कॅप्सूलमध्ये मात्र ते 475 मिलिग्रॅमपर्यंत असते, वर बहुधा 5 मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतले तिखट द्रव्य. ते शोषण वाढवते म्हणून घातलेले, पण त्याचा परिणाम हळदीपुरता राहत नाही. औषधांचा निचरा करणारी आतड्यातली आणि यकृतातली विकरे (एन्झाइम) त्याने मंदावतात. फिटवरचे फेनिटॉइन, दम्यावरचे थिओफिलिन यांची रक्तातली पातळी पिपेरिनमुळे वाढलेली आढळली आहे. डबी उलटून पाहावी. बारीक अक्षरांत मिरीचा अर्क आणि जवळच ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले सापडेल.

आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही क्षयावरची तिन्ही औषधे मुळातच यकृताला जड. त्यांचा त्रास बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत दिसतो, आणि हळदीच्या कॅप्सूलचाही साधारण एक ते चार महिन्यांत. दोन्ही एकदम चालू असतील तर दोष कुणाचा हे कळायला मार्ग नाही. लक्षणे असताना एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर, कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेले, किंवा लक्षणे नसताना पाचपटीवर, की तिन्ही गोळ्या थांबवाव्या लागतात. आकडे उतरल्यावर काही दिवसांच्या अंतराने एकेक पुन्हा सुरू करायची. सहा महिन्यांचा कोर्स त्यामुळे लांबतो, तो कदाचित एका कॅप्सूलपायी.

गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृतदाहाची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद मिटेपर्यंत क्षयाच्या गोळ्यांसोबत काढा नकोच.

औषध देणाऱ्यांना कळकळीची विनंती: ‘दुसरे काही औषध घेता का?’ असे विचारू नका. काढ्याला कुणी औषध समजत नाही. काढा, चूर्ण, रस, कॅप्सूल अशी नावे घेऊन विचारा आणि उत्तर कार्डावर लिहा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, अन्नावरची वासना उडाली, अंगाला खाज सुटली, तर कॅप्सूल तत्काळ बंद करावी आणि त्याच दिवशी डबी घेऊन उपचार केंद्र गाठावे. क्षयाच्या गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. बरे वाटल्यावर तीच कॅप्सूल पुन्हा घेऊ नये. दुसऱ्या खेपेला यकृताला इजा लवकर होते आणि जास्त होते.

– एक औषधनिर्माता, सांगली