पापांगीकार ल्यूथरने मोडीत काढला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातील धर्मसुधारणेच्या इतिहासावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख अभ्यासपूर्वक लिहिलेला आहे आणि मराठीत या विषयावर इतके सविस्तर लेखन क्वचितच वाचायला मिळते, म्हणून आधी आपले आभार मानते. तथापि त्यातील एका विधानापाशी मी थांबले. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पाळकापुढे पाप कबूल करण्याची, म्हणजे पापांगीकाराची, प्रथा मोडीत काढली आणि प्रत्येक माणसाला परस्पर देवाशी बोलायला मोकळे केले, अशा आशयाचे ते विधान आहे. मी स्वतः ल्यूथरन मंडळीची सभासद आहे. हा समज आमच्या मंडळ्यांतही इतका रुजलेला आहे की लेखकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण तो समज चुकीचा आहे, आणि त्या चुकीमुळे ल्यूथरच्या शिकवणुकीचा गाभाच नजरेआड होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इतिहास पाहू. १५२१ च्या मे महिन्यापासून ल्यूथर वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून राहिला होता. त्याच्या मागे त्याच्या विटेनबर्ग गावी त्याचा सहकारी कार्लस्टाट याने सुधारणेची गती वाढवली आणि त्या वर्षीच्या नाताळात, आधी पापांगीकार केला आहे की नाही हे न पाहता लोकांना प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर व द्राक्षारस, दिले. गावात गोंधळ माजला तेव्हा ल्यूथर परतला आणि ९ मार्च १५२२ पासून त्याने सलग आठ दिवस प्रवचने केली. त्यांतले शेवटचे प्रवचन पापांगीकारावर आहे. पोपच्या हुकमाने कोणालाही पापांगीकाराला बसवू नये, हे त्याने त्यात ठणकावून सांगितले. आणि त्याच प्रवचनात, साऱ्या जगाची संपत्ती देऊ केली तरी खासगी पापांगीकार मी कोणाला हिरावून घेऊ देणार नाही, कारण त्याने मला किती बळ दिले हे मला ठाऊक आहे, असेही म्हटले. त्यानंतरही तो आयुष्यभर पापांगीकार करत राहिला. विटेनबर्गचा पाळक योहानेस बूगेनहागेन हा त्याचा पापांगीकार ऐकत असे. प्रथा मोडीत काढणाऱ्या माणसाचे हे वागणे नव्हे.

मग त्याने विरोध कशाला केला? १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा आपल्या पाळकापुढे सर्व पापे कबूल करावीत असा नियम केला होता. ‘सर्व’ या शब्दात सारी अडचण साठलेली आहे. एखादे पाप सांगायचे राहून गेले तर काय? पुरेसा पश्चात्ताप झाला होता की केवळ शिक्षेची भीती वाटत होती, हे कोणी ठरवायचे? मठात असताना ल्यूथर तासन्‌तास पापे आठवून सांगत असे आणि बाहेर पडताच आणखी एखादे आठवले की पुन्हा तळमळत असे. पुढे १५३० च्या २५ जून रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचल्या गेलेल्या ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ल्यूथरन मंडळ्यांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, जो ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलँक्थॉनने लिहिला, अकरावे कलम याच अडचणीचे उत्तर देते: मंडळ्यांत खासगी पापक्षमा चालू ठेवावी, मात्र सगळ्या पापांची यादी देणे आवश्यक नाही, कारण ते शक्यच नाही. आधाराला एकोणिसाव्या स्तोत्रातला प्रश्न दिला आहे, की आपल्या चुका कोणाला ओळखता येतात? पंचविसाव्या कलमात तर, ज्याची आधी विचारपूस झाली नाही आणि ज्याला पापक्षमा सांगितली गेली नाही त्याला आम्ही प्रभुभोजन देत नाही, असे त्या मंडळ्यांनी बादशहापुढे छातीठोकपणे सांगितले. तेव्हा निघाली ती सक्ती, निघाली ती यादी, आणि पापाची भरपाई आपल्या कष्टांनी किंवा पैशांनी करता येते ही कल्पना निघाली. पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पापमुक्तिपत्रांची कथा आपल्या लेखात विस्ताराने आलीच आहे.

आता मुख्य मुद्दा. ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे सामान्यांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत, पापांगीकारावरचा जो भाग १५३१ मध्ये आला, त्यात सांगितले आहे की पापांगीकाराचे दोन भाग आहेत: एक, आपण पापे कबूल करणे, दुसरा, पाळकाच्या मुखातून मिळणारी क्षमा प्रत्यक्ष देवाकडूनच मिळाली असे मानून स्वीकारणे, आणि तिने आपली पापे स्वर्गात देवापुढे क्षमा झाली याविषयी शंका न धरणे. या दोहोंत वजन दुसऱ्या भागाला आहे. पहिला भाग माणसाचे काम, दुसरा देवाचे. त्या छोट्या पुस्तिकेत साध्या माणसांसाठी नमुनेही दिले आहेत, आणि ते वाचताना सोळाव्या शतकातले घर डोळ्यांपुढे उभे राहते. मालकाचे काम मन लावून केले नाही, त्यांना राग आणला, शिव्याशाप दिले, असे चाकर सांगतो. मुलाबाळांना आणि नोकरांना नीट वळण लावले नाही, वाईट उदाहरण घालून दिले, शेजाऱ्याचे नुकसान केले, हलका माल विकला, माप कमी दिले, असे घरधनी सांगतो. आणि ज्याला असे काही टोचत नसेल त्याने उगाच पापे शोधत किंवा रचत बसू नये, पापांगीकाराची यातना करू नये, एखाददुसरे ठाऊक असलेले सांगावे, असे ल्यूथर पुढे लिहितो. ज्या माणसाने त्या यातनेत तारुण्याची वर्षे काढली, त्याच्या लेखणीतून हे वाक्य उतरले आहे, हे विसरता येत नाही.

यानंतर पाळक विचारतो, ‘माझी क्षमा ही देवाचीच क्षमा आहे असा तुझा विश्वास आहे काय?’ माणूस ‘होय’ म्हणतो. मग पाळक म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाप्रमाणे तुला होवो’; आणि प्रभू येशू ख्रिस्ताच्या आज्ञेवरून, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, ‘मी तुझ्या पापांची क्षमा करतो’. यातले क्रियापद नीट पाहावे. ‘देव तुला क्षमा करो’ अशी ही सदिच्छा नाही आणि ‘तू सुधारलास तर क्षमा होईल’ असा वायदाही नाही. ते वचन उच्चारले जाते त्या क्षणी क्षमा दिली जाते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्ताने शिष्यांना हाच अधिकार दिला, असे ल्यूथरन शिकवण सांगते.

या मुद्द्यावरच खरी ठिणगी पडली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. ऑक्टोबर १५१८ मध्ये ऑग्सबर्ग येथे पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कायेटानने ल्यूथरपुढे दोन हरकती ठेवल्या. पहिली, ख्रिस्ताच्या व संतांच्या पुण्याच्या भांडाराविषयी, म्हणजे पापमुक्तिपत्रांच्या आधाराविषयी होती. दुसरी अशी, की ज्याला क्षमेचे वचन सांगितले जाते त्याने आपल्याला क्षमा मिळालीच आहे असा निश्चित विश्वास धरावा, ही ल्यूथरची शिकवण. हे तर नवी चर्च उभारणे होय, असे कायेटानने लिहून ठेवले. त्याला धोका बरोबर दिसला होता. माणसाने आपल्या पश्चात्तापाची खोली मोजत बसायचे नाही, बाहेरून कानावर आलेल्या वचनावर भिस्त ठेवायची, हे एकदा मान्य केले की इतर बरेच काही आपोआप बदलते.

‘परस्पर देवाशी बोला’ हा सल्ला ऐकायला मोकळा वाटतो, पण पापाने बोचलेले मन एकटे असते तेव्हा ते देवाशी कमी आणि स्वतःशीच जास्त बोलते. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या थोरल्या बंधूंशी वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून माझा अबोला होता. आजारपणात त्यांनी दोनदा भेटायला बोलावले. मी गेले नाही, आणि ते गेले. त्यानंतर कित्येक महिने मी दर रविवारी सर्वांबरोबर पापांगीकाराची प्रार्थना म्हणत होते, पाळकसाहेब क्षमेची घोषणा करत होते, आणि माझे मन सांगत होते की ही क्षमा शेजारच्या बाकावरच्यांसाठी आहे. ‘तुझा काही दोष नव्हता’ असे समजावणारे पुष्कळ भेटले. दोष होता हे मला माहीत होते, त्यामुळे त्यांचे बोलणे मला लागूच पडत नव्हते. एका ओळखीच्या प्रवचनकारांनी तर, मनात शांती येईपर्यंत प्रार्थना करत राहा, असे सांगितले. मी करत राहिले आणि शांती आली नाही, तेव्हा माझ्या प्रार्थनेतच खोट असावी असे वाटू लागले. शेवटी एका संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये वेदीसमोरच्या कठड्याशी मी गुडघे टेकले आणि आमच्या पाळकसाहेबांना चार वाक्यांत सगळे सांगितले. त्यांनी दोष नाकारला नाही, कमीही केला नाही. दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवून, माझे नाव घेऊन, त्यांनी ते वचन उच्चारले. हातांचे वजन मला अजून आठवते. त्या वेळी मनाला काय वाटले हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण क्षमा त्या वाटण्यावर अवलंबून नव्हती.

इथे कोणी विचारेल, की पाळकाला हा अधिकार कुठून आला, आणि मग पुरोहितशाहीत फरक तो काय उरला? स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या, म्हणजे पापांची क्षमा सांगण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार, ख्रिस्ताने साऱ्या मंडळीला दिल्या आहेत. पाळक हा मंडळीने रीतसर बोलावून नेमलेला सेवक म्हणून त्या वापरतो, अशी आमची शिकवण आहे. त्याच्या शीलावर किंवा पदावर क्षमेची सत्यता ठरत नाही. म्हणूनच ल्यूथरने लिहिलेल्या श्रद्धेच्या दुसऱ्या निवेदनात, १५३७ च्या श्मालकाल्डनच्या कलमांत, शुभवर्तमान माणसाला कोणकोणत्या मार्गांनी साहाय्य करते हे सांगताना, उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि किल्ल्यांचा अधिकार यांच्याबरोबर बंधूंनी एकमेकांशी बोलणे व एकमेकांचे सांत्वन करणे हेही ल्यूथरने घातले आहे. गुडघे टेकायचे की उभे राहायचे, झगा कोणता, प्रार्थनेचे शब्द कोणते, हे सर्वत्र सारखे असण्याची गरज नाही, असे ऑग्सबर्गचे सातवे कलम सांगते. त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

सार्वजनिक क्षमाघोषणा पुरेशी नाही काय, हाही प्रश्न जुना आहे. न्यूरेंबर्गमध्ये तिथला ल्यूथरन पाळक ओझिअँडर याने सार्वजनिक घोषणेलाच विरोध केला, तेव्हा १५३३ मध्ये विटेनबर्गहून ल्यूथर व मेलँक्थॉन यांनी दोन्ही प्रकार ठेवावेत असा सल्ला दिला: प्रवचनही क्षमाच सांगते, पण खासगी वचन एका माणसाला उद्देशून असल्याने त्याला ते धरून ठेवणे सोपे जाते. माझ्या मते इतका समंजस निवाडा त्या काळच्या वादांत विरळाच सापडेल.

इतकी सोपी क्षमा माणसाला बेफिकीर करणार नाही काय, ही शंका मात्र हलकी नाही. ऑग्सबर्गचे बारावे कलम पश्चात्तापाचे दोन भाग सांगते, पापाच्या जाणिवेने झालेली मनाची तळमळ आणि क्षमेवरचा विश्वास, आणि त्यांमागून सत्कर्मांची फळे यायलाच हवीत असे म्हणते. ज्याला पाप सोडायचेच नाही त्याला क्षमा सांगायची नसते. किल्ल्यांत बांधण्याचीही, म्हणजे क्षमा रोखून धरण्याचीही, किल्ली आहे. शिवाय देवापुढची क्षमा म्हणजे न्यायालयातली माफी नव्हे. चर्चची सत्ता आणि राज्याची सत्ता यांची सरमिसळ करू नये, हे अठ्ठाविसावे कलम स्पष्ट सांगते. ज्याने माप कमी दिले त्याने ते भरून द्यायचे आहे, आणि गुन्हा केला असेल तर शिक्षेलाही सामोरे जायचे आहे.

मग ही प्रथा आमच्याकडे दिसेनाशी का झाली? पुढच्या काळात पापांगीकार म्हणजे प्रभुभोजनाआधीचा एक सोपस्कार बनला, पाठ केलेली वाक्ये म्हटली जाऊ लागली, पाळकाच्या हातावर पापांगीकाराचे पैसे ठेवण्याची रीत पडली. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये त्यावरून मोठा वाद झाला आणि १६९८ मध्ये तिथे खासगी पापांगीकार ऐच्छिक करण्यात आला. हळूहळू सार्वजनिक प्रार्थनेनेच त्याची जागा घेतली. शिकवण कुणी रद्द केली नाही, वापर सुटला. विसाव्या शतकात डीट्रिश बोनहॉफर या ल्यूथरन पाळकाने फिंकनवाल्डे येथील आपल्या धर्मशिक्षण केंद्रात विद्यार्थ्यांमध्ये वैयक्तिक पापांगीकार पुन्हा सुरू केला, तो या पोकळीची जाणीव झाल्यामुळेच.

तेव्हा लेखातील त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. ते वाचून आमच्याच मंडळ्यांतल्या एखाद्या ओझ्याने वाकलेल्या माणसाला, आपल्या चर्चमध्ये हे दार नाहीच, असे वाटले असेल, तर त्याने आपल्या पाळकांना विचारून पाहावे. भेटीची वेळ ठरवताना कारण सांगावे लागत नाही, आणि तिथे बोललेले पाळकाने कोणापुढेही उघड करायचे नसते.

आपली नम्र,
एक ल्यूथरन वाचक